आधारित पटकथेचे पारितोषिक : एक असहमती

चित्रपट-पुरस्कारांविषयी दोन प्रकारची मते व्यक्त होत असतात. पुरस्कार कोणाला मिळेल, हे सांगणारे मत हा एक प्रकार. त्यात वाऱ्याची दिशा ओळखणे असते, आधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणी काय पटकावले याचा हिशेब असतो आणि थोडी सट्टेबाजीही असते. निकाल लागला की हे मत संपते. पुरस्कार कोणाला मिळायला हवा होता, हे मत मात्र निकालानंतरही शिल्लक राहते. कारण ते मांडणाऱ्याला आपला निकष उघड करावा लागतो, आणि निकषावरचा वाद निकालाने मिटत नाही. म्हणून २०२४ च्या ऑस्करमधील एका पारितोषिकाविषयी आज लिहायला मला संकोच वाटत नाही.

१० मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ९६ वा ऑस्कर सोहळा झाला. ‘ओपेनहायमर’ने तेरा नामांकनांपैकी सात पारितोषिके मिळवली आणि पुढचे काही दिवस बोलणे झाले ते बहुतांशी त्याच चित्रपटाविषयी. साहित्याच्या अभ्यासकाला खरे कुतूहल असावे अशी स्पर्धा निराळीच होती : सर्वोत्कृष्ट आधारित पटकथा. नामांकने होती ‘अमेरिकन फिक्शन’, ‘बार्बी’, ‘ओपेनहायमर’, ‘पुअर थिंग्ज’ आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ यांना. पाचांपैकी तिघांच्या मुळाशी कादंबऱ्या होत्या, एकाच्या मुळाशी चरित्र होते आणि एकाच्या मुळाशी चक्क बाहुली होती. पारितोषिक कॉर्ड जेफरसन यांना ‘अमेरिकन फिक्शन’साठी मिळाले. माझ्या मते ते जोनाथन ग्लेझर यांना ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’साठी मिळायला हवे होते. हे मत का झाले, ते सांगण्यापूर्वी या पारितोषिकाच्या एका अंगभूत अडचणीकडे पाहू.

रूपांतरासाठीचे पारितोषिक ऑस्करइतकेच जुने आहे; १९२९ च्या पहिल्या सोहळ्यातही ते होते. रूथ प्रवर झाबवाला यांना ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबऱ्यांवरील ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ या दोन चित्रपटांसाठी ते दोनदा मिळाले, तेव्हा एका कादंबरीकाराने दुसऱ्या कादंबरीकाराचे केलेले वाचन गौरवले गेले, असे म्हणता येते. पण एरवी काय घडते? नामांकने लेखक-सदस्य ठरवतात आणि अंतिम मतदान सगळे सदस्य करतात : नट, छायालेखक, वेशभूषाकार, निर्माते. अकादमीने २०२५ मध्ये असा नियम केला, की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचे त्या विभागातील सर्व चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम स्वागतार्हच आहे. तरीही आधारित पटकथेच्या बाबतीत तो अर्ध्यावर थांबतो. पाहणे सक्तीचे झाले, वाचण्याचे काय? मूळ पुस्तक न वाचता दिलेले मत हे फार तर चांगल्या पटकथेला दिलेले मत असते. आणि केवळ चांगली पटकथाच गौरवायची असेल, तर स्वतंत्र पटकथा आणि आधारित पटकथा अशी दोन पारितोषिके ठेवण्याचे कारण काय?

आपल्याकडील वर्गांतून याच्या उलट टोकाची चूक होते. कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट यांची तुलना करा, असा प्रश्न आला की विद्यार्थी काय वगळले आणि काय बदलले याची यादी करतो आणि वगळलेल्या प्रत्येक प्रसंगाबद्दल चित्रपटाचे गुण कापतो. या हिशेबाने ‘सिंहासन’ (१९७९) नापासच व्हायला हवा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एकाच पटकथेत गुंफल्या. दोन्हींतले पुष्कळ काही बाहेर राहिले. तरीही जब्बार पटेलांचा तो चित्रपट पाहताना साधूंच्या राजकीय दृष्टीला धक्का लागला असे कोणी म्हणत नाही. तेंडुलकरांनी या दोन पुस्तकांकडे एकाच शहराच्या दोन बाजू म्हणून पाहिले. पटकथेतला निर्णय त्या वाचनातून आला.

तेव्हा माझा निकष असा : रूपांतरकार हा आधी वाचक असतो आणि त्याची पटकथा ही त्या वाचनाची लेखी साक्ष असते. त्याने काय वगळले हे पाहावे, ते का वगळले असेल याचा विचार करावा आणि रिकाम्या झालेल्या जागी त्याने काय ठेवले ते तपासावे. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे. या निकषावर पाचही चित्रपट पारखून पाहू.

‘बार्बी’चा निकाल लवकर लागतो. ग्रेटा गर्विग आणि नोआ बाउमबाक यांची ही पटकथा अमेरिकेतील पटकथाकारांच्या संघटनेने स्वतंत्र म्हणून स्वीकारली होती. अकादमीने मात्र ती आधारित विभागात टाकली. बाहुली हे आधीच अस्तित्वात असलेले पात्र आहे, असा त्यामागचा तर्क. पण बाहुलीला कथानक नसते, निवेदक नसतो, दृष्टिकोन नसतो. मूल खेळताना जे देईल तेवढेच तिच्यापाशी असते. वाचायला संहिताच नाही तिथे वाचनाची परीक्षा कशी घेणार? चित्रपट मला आवडला, पण या विभागात तो पाहुणाच होता.

क्रिस्टोफर नोलन यांच्यापुढे काई बर्ड आणि मार्टिन शेरविन यांचे ‘अमेरिकन प्रॉमिथियस’ (२००५) हे पुलित्झर-विजेते चरित्र होते. शेरविन यांनी त्यावर सुमारे पंचवीस वर्षे खर्च केली होती. चरित्र जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमाने चालते. नोलन यांनी ते दोन चौकश्यांच्या चौकटीत बसवले : १९५४ ची ओपेनहायमर यांची सुरक्षा-चौकशी आणि १९५९ ची लुईस स्ट्रॉस यांच्या नियुक्तीवरील सिनेटची सुनावणी. रंगीत प्रसंगांतील सूचना त्यांनी पटकथेत प्रथमपुरुषात लिहिल्या, म्हणजे पटकथेचा वाचकही ओपेनहायमरच्या डोळ्यांनीच पाहतो. चरित्राच्या तृतीयपुरुषी निवेदनाचे असे आत्मनिवेदन करणे ही मोठी वाङ्मयीन कृती आहे. तिचा परिणाम मात्र मला खटकतो. हिरोशिमा पडद्यावर येत नाही, याबद्दल पुष्कळांनी आक्षेप घेतला. माझा आक्षेप न दाखवण्याला नाही. हिरोशिमाच्या रिकाम्या जागी काय येते, याला आहे. बॉम्ब पडल्यानंतर लॉस अलामोसमध्ये टाळ्यांच्या कडकडाटात भाषण करताना ओपेनहायमरला समोरच्या श्रोत्यांत सोललेली त्वचा आणि जळालेले शरीर दिसते. मृतांची जागा नायकाच्या अपराधभावाने घेतली. सगळे फिरून त्याच्याच चेहऱ्यावर परत येते. प्रथमपुरुषाची ही किंमत आहे, आणि पटकथेला ती पुरेशी जाणवलेली नाही, असे मला वाटते.

‘पुअर थिंग्ज’च्या बाबतीत मराठी वाचकाने मूळ कादंबरी अवश्य मिळवून वाचावी. ॲलस्डेअर ग्रे यांची ही १९९२ ची कादंबरी म्हणजे एकावर एक रचलेल्या कागदपत्रांचा खेळ आहे. आर्चिबाल्ड मॅककँडलेस नावाचा डॉक्टर आपल्या पत्नीची अद्भुत कहाणी लिहितो : आत्महत्या केलेल्या गर्भवती स्त्रीच्या डोक्यात तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून तिला जिवंत केले गेले. त्याच्या पुस्तकानंतर त्या पत्नीचे, व्हिक्टोरियाचे, पत्र येते. ती म्हणते, हे सारे माझ्या नवऱ्याच्या कल्पनेचे चाळे आहेत. मी एक साधी, विचारी, डॉक्टर झालेली स्त्री आहे. आणि या सगळ्याला संपादक म्हणून ग्रे स्वतः प्रस्तावना आणि टिपा जोडतात, त्याही बहुतांशी नवऱ्याच्या बाजूने झुकलेल्या. स्त्रीची कथा कोण सांगतो आणि तिने स्वतः सांगितली तर विश्वास कोण ठेवतो, हा कादंबरीचा गाभा.

टोनी मॅकनमारा यांच्या पटकथेने हे पत्र गाळले. यॉर्गोस लँथिमॉस यांच्या चित्रपटात नवऱ्याची अद्भुत कहाणी तेवढी उरली, ग्लासगोचे लंडन झाले आणि स्त्री मुक्त होत गेल्याची एक रंगतदार गोष्ट तयार झाली. चित्रपट बेलाच्या दृष्टीतूनच उलगडतो, तेव्हा वेगळ्या पत्राची गरज काय, असे त्याचे समर्थन केले जाते. एमा स्टोनचा अभिनय पाहताना क्षणभर ते पटतेही. पण ग्रे यांची व्हिक्टोरिया ज्या कहाणीला खोटे म्हणते, तीच कहाणी येथे खरी म्हणून उभी आहे. तिचा नकार पुसला गेला आहे आणि त्या जागी दुसरे काही आलेले नाही. या पाचांपैकी सर्वांत देखणा चित्रपट कदाचित हाच असेल. वाचन म्हणून तो मला सर्वांत उणा वाटतो.

आता विजेत्याकडे. ‘अमेरिकन फिक्शन’ ज्या कादंबरीवर आधारित आहे ती पर्सिव्हल एव्हरेट यांची २००१ ची. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ खोडून टाकणे, पुसून टाकणे. थेलोनियस एलिसन, ऊर्फ मंक, हा कृष्णवर्णीय प्राध्यापक-लेखक. त्याची पुस्तके ‘पुरेशी काळी’ नाहीत म्हणून प्रकाशक ती नाकारतात. चिडून तो टोपणनावाने वस्तीतील दारिद्र्य आणि हिंसेचे सगळे ठोकळे भरलेली एक विडंबन-कादंबरी लिहितो. तिला खरे मानून बाजार डोक्यावर घेतो, आणि ज्या पारितोषिकाच्या निवडसमितीवर मंक स्वतः आहे तेच पारितोषिक तिच्याकडे चालत येते. दलित आणि ग्रामीण साहित्याकडून नेमक्या कशाची अपेक्षा केली जाते यावरचे वाद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या कथेतील डंख समजावून सांगावा लागणार नाही.

जेफरसन यांचे दोन निर्णय मला मोलाचे वाटतात. एव्हरेट यांनी ती विडंबन-कादंबरी संपूर्णच आपल्या कादंबरीत छापली आहे. वाचता वाचता आपण हसतो आणि थोड्या वेळाने आपल्याला ती वाचायला आवडू लागली आहे हे ध्यानात येऊन अस्वस्थ होतो. पडद्यावर हे अशक्यच होते. जेफरसन यांनी एका प्रसंगात पात्रे मंकच्या समोर प्रकट होऊन त्याला आपले संवाद विचारतात, एवढ्यावर ते निभावले. दुसरा निर्णय सिंतारा गोल्डनचा. ज्या लोकप्रिय लेखिकेचा मंकला राग आहे, तिला पटकथेने निवडसमितीवर आणून त्याच्या समोरच बसवले आणि तिला तिची बाजू मांडू दिली. समितीतील तीन गोरे सदस्य दोन कृष्णवर्णीयांचे मत बहुमताने बाजूला सारतात आणि वर कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकण्याची गरज बोलून दाखवतात, हा प्रसंग तर पुरस्कारांच्या कोणत्याही चर्चेत आठवावा असा.

तरीही ही पटकथा कादंबरीची धार कमी करते. कादंबरीत मंकच्या बहिणीची हत्या होते. गर्भपाताची सोय देणाऱ्या दवाखान्यात काम करते म्हणून तिला गोळी घातली जाते. चित्रपटात तिला हृदयविकाराचा झटका येतो. अमेरिकेच्या हिंसेचे ‘काळे’ चित्र विकणाऱ्या बाजाराच्या कथेत सुशिक्षित घरातील स्त्रीचा असा खून ही एव्हरेट यांनी मुद्दाम ठेवलेली विसंगती होती. ती गेली आणि उरला कौटुंबिक शोक. शेवटी पटकथा तीन-चार पर्यायी शेवट मांडून कोणत्याही एकाची जबाबदारी घेण्याचे चतुराईने टाळते. चित्रपट प्रसन्न आहे, बुद्धिमान आहे. पारितोषिक मिळाल्याचे मला दुःख नाही. पण त्याच खोलीत याहून धाडसी वाचन बसले होते.

मार्टिन ॲमिस यांची ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ २०१४ मध्ये आली. १९ मे २०२३ रोजी, म्हणजे कान महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवला गेला त्याच दिवशी, ॲमिस यांचे निधन झाले. आउशवित्झ छावणीभोवतीच्या सुमारे चाळीस चौरस किलोमीटर परिसराला एसएसच्या सरकारी भाषेत जे नाव होते, तेच हे शीर्षक. कादंबरीला तीन निवेदक आहेत. थॉमसन हा अधिकारी छावणीच्या कमांडंटच्या पत्नीच्या, हॅनाच्या, प्रेमात पडतो. पॉल डॉल हा कमांडंट दारुडा आणि हास्यास्पद आहे. आणि श्मूल हा ज्यू कैदी, ज्याला आपल्याच माणसांच्या प्रेतांची विल्हेवाट लावण्याच्या कामावर जुंपले आहे. ॲमिस यांची शैली शब्दांच्या आतषबाजीची आणि काळ्या विनोदाची. डॉलच्या निवेदनात तर ती सुसाट सुटते.

ग्लेझर यांनी तिन्ही निवेदक काढून टाकले. प्रेमकथा काढली, विनोद काढला, युद्धानंतरचा उत्तरार्ध काढला. डॉलच्या मागे जो खरा माणूस होता, त्या कमांडंट रुडॉल्फ ह्योसकडे (हिटलरचा उपप्रमुख हेस तो निराळा) आणि त्याच्या पत्नीकडे, हेडविगकडे, ते परत गेले. मग कादंबरीचे राहिले काय, आणि याला रूपांतर तरी का म्हणावे, असा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. माझे उत्तर असे, की राहिली ती कादंबरीची मध्यवर्ती जागा : छावणी घरगुती आयुष्याच्या बाजूने पाहणे. ॲमिस यांना ही जागा सापडली. पण तिथे उभे राहून त्यांनी एक प्रेमकथा लिहिली आणि हॅनाला नवऱ्याचा तिरस्कार करणारी, मनातून बंडखोर स्त्री केले. वाचकाला धरून ठेवायला घरात एक चांगले माणूस मिळाले. ग्लेझर यांनी ही सवलत काढून घेतली. त्यांची हेडविग छावणीच्या भिंतीला लागून फुलवलेल्या बागेवर प्रेम करते. कोणा कैद्याचा फरकोट ती अंगावर चढवून पाहते, खिशात सापडलेली लिपस्टिक ओठांना लावून पाहते. नवऱ्याची बदली होते तेव्हा घर सोडायला ती साफ नकार देते, आणि हे ऐतिहासिक वास्तवाला धरून आहे. तिची पाहुणी आलेली आई, जिच्या घरी आपण काम करत होतो ती ज्यू बाई आता भिंतीपलीकडे असेल का, असे सहज म्हणते. तिच्या घराच्या लिलावात हुकलेल्या पडद्यांचीच तिला हळहळ. तीच आई रात्रीचा उजेड पाहून न सांगता निघून जाते. कादंबरीतील एका पात्राचे हे केवळ उलटे चित्र नाही. कादंबरीने जिथे नजर वळवली तिथे ती रोखून धरणे आहे, आणि समीक्षा यापेक्षा वेगळे काय करते?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला बराच काळ सोडत नव्हता. कादंबरीत श्मूलला आवाज आहे. त्याची पाने थोडी आहेत, पण ‘मी’ म्हणून तो बोलतो. ग्लेझर यांनी तो काढला तेव्हा बळी गेलेल्यांच्या बाजूचा एकमेव निवेदक काढला. छावणीचे आतले दृश्य चित्रपट दाखवत नाही. शेवटी येते ते आजचे संग्रहालय आणि तिथे काचा पुसणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया. म्हणजे पुन्हा एकदा मारणाऱ्याचीच कथा?

याचे उत्तर ध्वनिपटात आहे. पूर्ण चित्रपटभर भिंतीपलीकडून भट्ट्यांची घरघर, गोळ्यांचे आवाज, कुत्र्यांचे भुंकणे, किंकाळ्या येत राहतात आणि पडद्यावर मुले पोहत असतात. श्मूलची जागा रिकामी राहिली नाही. ती दृश्यातून आवाजात गेली. ‘ओपेनहायमर’मध्ये मृतांची जागा नायकाच्या मनाने घेतली होती. येथे तो आवाज घरातील कोणाच्याही मनात शिरत नाही, कोणाचाही अपराधभाव होत नाही. तो केवळ प्रेक्षकाला ऐकू येतो आणि ऐकत बसण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडते. अर्थात, आवाज म्हणजे भाषा नव्हे. किंकाळीला वाक्य नसते, श्मूलला होते. हे नुकसान ग्लेझर यांनाही कळले असावे, असे मला दोन ठिकाणांवरून वाटते. रात्री कैद्यांच्या कामाच्या जागी गुपचूप सफरचंदे ठेवणारी एक पोलिश मुलगी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसते. ती एका खऱ्या स्त्रीवरून घेतलेली आहे. तिला तिथे कागदावर लिहिलेले एक गाणे सापडते. ते जोसेफ वुल्फ या कैद्याने आउशवित्झमध्येच रचलेले. ती घरी येऊन ते पियानोवर वाजवते आणि शब्द आपल्याला उपशीर्षकांतून वाचायला मिळतात. कादंबरीतील कल्पित कैद्याच्या निवेदनाच्या जागी खऱ्या कैद्याचे शब्द आले. ते थोडे आहेत, पण ॲमिस यांनी रचलेले नाहीत आणि ग्लेझर यांनीही नाहीत.

अकादमीने या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय चित्रपटाचे पारितोषिक दिले, आणि ध्वनीचेही. ध्वनीसाठी ‘ओपेनहायमर’ला मागे टाकून टार्न विलर्स आणि जॉनी बर्न यांची निवड झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मतदारांनी जे ऐकले ते बरोबर ओळखले. पण तो आवाज तिथे का आहे, तो कोणाच्या जागी आला आहे, हे कळण्यासाठी कादंबरीतील श्मूल ठाऊक असावा लागतो. ज्याने पुस्तक वाचले नाही त्याला तो उत्तम ध्वनिमुद्रणाचा नमुना वाटेल. ज्याने वाचले आहे त्याला तो रूपांतराचा निर्णय म्हणून ऐकू येईल.

वर्गात कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवून शिकवणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. या पाचांतील कोणतीही जोडी निवडावी. ‘पुअर थिंग्ज’ घेतल्यास वाद अधिक चांगला रंगेल. विद्यार्थ्यांना आधी पुस्तक वाचायला लावावे, मग चित्रपट दाखवावा आणि वगळलेल्याची यादी करून झाली की प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहायला सांगावा : तिथे आता काय आहे? त्यानंतर त्यांचे मतदान घ्यावे. माझे मत मी वर दिलेच आहे. त्यांचे वेगळे पडले, आणि कारणांसह पडले, तर ते मला वाचायला आवडेल.